दोरी नव्हतीच

१

सकाळच्या चहाची ढकलगाडी व्हरांड्याच्या वळणावर आली होती, तेवढ्यात सिस्टरची किंकाळी ऐकू आली. ती हेडबाईंच्या खोलीतून आली होती, यात शंकाच नव्हती. विंगबाईंनी कप तसाच सोडला, गुडघ्यांना एक शिवी हासडली आणि शेजारच्या दाराकडे निघाल्या.

विंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर नाटकाच्या विंगेत बसून त्यांनी विसरभोळ्या नटांना वाक्यं पुरवली, म्हणून इथे आल्यावर हे नाव पडलं. खरं नाव खोलीच्या दारावर पाटीत आहे, पण पाटी वाचतो कोण? इथे म्हणजे म्हाताऱ्यांच्या या घरात. व्यवस्थापक साहेब त्याला 'निवास' म्हणायचे, राहणारे 'आश्रम' म्हणायचे आणि शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या हेडबाई 'बोर्डिंग' म्हणायच्या.

हेडबाई बाथरूमच्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. चष्मा उडून बेसिनखाली गेलेला, डावं मनगट सुजलेलं, थंडीनं दात वाजत होते. जीभ मात्र शाबूत होती.

"आजी, हलू नका हं," सिस्टर म्हणाली.

"मी तुझी आजी कधी झाले? आणि हलता आलं असतं तर पहाटेपासून इथे पडून राहिले असते का?"

"पहाटेपासून?" दारात साहेब येऊन ठेपले होते. त्यांच्यामागे फरशी पुसणाऱ्या मावशी, बादली हातात धरून उभ्या. साहेबांचा भांग नेहमीसारखा चोख होता. "अहो, मग बेल नाही का वाजवायची? ही दोरी कशासाठी लावलीय आम्ही?"

प्रत्येक बाथरूममध्ये छतातून एक पांढरी दोरी सोडलेली असते. टोकाला लाल मूठ. कुणी पडलं की मूठ ओढायची. बाहेर दारावर लाल दिवा लागतो आणि सिस्टरच्या टेबलावर बेल वाजते. इथे राहायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे घोकून सांगतात.

"दोरी नव्हती," हेडबाई म्हणाल्या.

"काय नव्हती?"

"दोरी. सगळी भिंत चाचपून पाहिली मी. दोरी नव्हतीच."

सगळ्यांनी वर पाहिलं. छतापासून फरशीपर्यंत, भिंतीला लागून, दोरी चांगली लोंबत होती. लाल मूठ जमिनीपासून जेमतेम हातभर उंच, हेडबाईंच्या खांद्याजवळच. साहेबांनी सिस्टरकडे पाहिलं आणि 'झालं यांचं' अशी मान हलवली.

त्या गडबडीतही विंगबाईंच्या नजरेनं दोन गोष्टी टिपल्या. एक, हेडबाईंचा टॉवेल दाराच्या कडीला कसाबसा अडकवलेला होता. आणि टॉवेल दांडीवर, काठाला काठ जुळवून नसेल तर ही बाई आकांत करते. दुसरी, दोरी सरळ नव्हती. वेणी सोडल्यावर केसांना पडतात तशा तिला वळ्या पडल्या होत्या.

त्यांना तेव्हा त्यातलं काही उमगलं नाही.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. कमरेचं हाड वाचलं, मनगटाला प्लास्टर. आणि जाता जाता साहेबांच्या खोलीत ठरलं, की समोरची दोरी ज्यांना दिसत नाही, त्यांना उद्याच वरच्या मजल्यावर हलवायचं.

२

वरचा मजला म्हणजे काय, हे खालच्या मजल्यावर कुणी मोठ्यानं बोलत नसे. लिफ्टला आकड्यांचं कुलूप. खिडक्या बोटभर उघडतात, त्याहून जास्त नाही. माणसं टीव्हीभोवती खुर्च्यांत बसवलेली, पुढ्यात अडकवलेला ट्रे, म्हणजे उठायला नको. वर गेलेलं माणूस पुन्हा खाली बागेत चालताना कुणी पाहिलं नव्हतं. आणि वर पेन्सिल चालत नाही, टोकदार असते म्हणून.

हे पेन्सिलचं महत्त्वाचं. हेडबाई रोज बागेतल्या बाकावर बसून पेपर वाचायच्या, हातात लाल पेन्सिल घेऊन. संपादकांच्या चुका काढायच्या, गुण द्यायच्या. विंगबाई शेजारी बसून वाद घालायच्या. "अर्धा गुण तरी द्या हो बिचाऱ्याला." "का? तो तुझा जावई लागतो?" असं रोज चालायचं. दोघींना दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा तो तेव्हा.

संध्याकाळी विंगबाई खोलीत गेल्या, तेव्हा हेडबाई पलंगावर ताठ बसल्या होत्या. प्लास्टरचा हात उशीवर.

"आलीस? बस. एक विचारते, खरं सांग. मी भ्रमिष्ट झालेय का?"

एरवी ही बाई प्रश्न विचारायची ती उत्तर माहीत असल्यासारखी. आज तसं नव्हतं.

"तुम्ही काल संपादकाला दहापैकी अडीच दिलेत. भ्रमिष्ट असतात ते पूर्ण गुण देऊन टाकतात."

"थट्टा नकोय. उद्या दुपारी बैठक आहे. माझा लेक येतोय सही करायला. मला नुसतं वर नेणार नाहीत गं, उद्यापासून मी जे जे बोलेन ते खोटं ठरणार. चहा गार आहे म्हटलं, तरी म्हणतील, भास होतोय." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "माझ्या हाताला दोरी लागली नाही. मला माझी शुद्ध होती. मी पाढे म्हणत पडले होते, झोप लागू नये म्हणून."

"मग दोरी गेली कुठे आणि आली कुठून?"

"ते तू शोध. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं ऐकलीस ना? आता त्यांचीही ऐक."

विंगबाई थेट सिस्टरच्या टेबलापाशी गेल्या. सिस्टर वाईट नव्हती बरं का. गोळ्या देताना पाण्याचा पेला आधी हातानं चाचपून बघायची, फार गार नको म्हणून. आज तिचे डोळे लाल होते.

"सिस्टर, मला नीट सांग बघू, सकाळी काय झालं?"

"काय सांगू आजी... मी गोळ्या घेऊन गेले, नाही, आधी पडदा सरकवला, मग... पडदा नंतर. हाक मारली. ओ नाही. बाथरूमचं दार ढकललं तर ह्या... मी ओरडलेच. मला वाटलं, गेल्याच." तिनं नाक पुसलं. मग पाठ ताठ करून म्हणाली, "दोरी जागेवर लोंबत होती, मूठ हाताच्या अंतरावर होती, पेशंटने ती वापरली नाही."

विंगबाईंचे कान चट्कन टवकारले. जन्मभराची खोड ती. ज्याला आठवतं तो अडखळतो, मागे जातो, पडदा आधी की नंतर यात गोंधळतो. पाठ केलेलं वाक्य मात्र न अडखळता येतं. आणि हेडबाई सिस्टरच्या तोंडी 'पेशंट' कधीपासून झाल्या?

"आणि बेल? तू वाजवलीस?"

"नाही. मी बेलला हातही लावला नाही. ओरडले फक्त. मावशी व्हरांड्यातच होत्या, त्या साहेबांना बोलवायला पळाल्या."

"बरं. जरा दोरीचं परत सांग. माझे कान गेलेत आता."

"दोरी जागेवर लोंबत होती, मूठ हाताच्या अंतरावर होती, पेशंटने ती वापरली नाही."

तेच शब्द. त्याच क्रमानं. श्वाससुद्धा त्याच जागी घेतलेला.

संहिता आहे म्हणजे ती कुणीतरी लिहिलेली आहे, विंगबाईंनी मनाशी म्हटलं.

३

साहेबांच्या खोलीत उशा असलेला सोफा होता आणि भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो होते. त्यातला एकही म्हातारा इथला नव्हता.

"बसा ना आजी. मैत्रिणीची काळजी वाटते, समजू शकतो मी. पण हे त्यांच्या भल्यासाठीच आहे. दोरी जागेवर लोंबत होती, मूठ हाताच्या अंतरावर होती, त्यांनी ती वापरली नाही. यावरून काय समजायचं, तुम्हीच सांगा. घरच्यांना आता निर्धास्त वाटलं पाहिजे."

"तुम्ही आत गेलात तेव्हा दोरी पाहिलीत?"

"तुम्हीही पाहिलीत की."

पाहिली होती. तोच तर घोळ होता.

विंगबाईंनी हेडबाईंच्या मुलाला फोन लावला, तो सात-आठ वेळा वाजल्यावर त्यानं उचलला. चांगला पन्नाशीचा गृहस्थ, पण बोलताना मागे कुणीतरी छडी घेऊन उभं असल्यासारखा घाईत. "मावशी, मला काय कमी वाईट वाटतंय का? पण घरच्यांना निर्धास्त वाटलं पाहिजे ना. आईच्या भल्यासाठीच आहे हे."

"हे वाक्य तुझं की साहेबांचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आईशी बोललास?"

"ती दोरी नव्हती म्हणते, मावशी. मी फोटो पाहिला. साहेबांनी पाठवला. दोरी आहे."

आता बघा, इथवर आल्यावर कुणालाही वाटेल की साहेब आणि लेक दोघांनी मिळून घाट घातला. विंगबाईंनाही वाटलं. साहेबांना हेडबाई नकोशाच झाल्या होत्या. आंघोळीची वेळ आमची आम्ही ठरवू, म्हणून सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या त्यांनी गेल्याच महिन्यात. पण घाट घालायला साहेबांनी पहाटे बाथरूममध्ये शिरून दोरी काढायची आणि परत लावायची? त्यांना साधा बल्ब बदलता येत नाही.

फरशी पुसणाऱ्या मावशी जिन्याखाली फडकी पिळत होत्या. त्यांनी विंगबाईंना पाहिलं आणि आधीच हात जोडले.

"मला काही विचारू नका बाई. मी फरशी पुसते आणि घरी जाते. चुकूनमाकून दोरीचं टोक काळं दिसलं तरी मला बोलणी बसतात. मला नोकरी करायचीय."

"तुमचं नाव कुणी घेतलंय का?"

"अजून नाही," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

उरले ड्रायव्हरकाका. हेडबाईंच्या बरोबर समोरच्या खोलीत राहायचे. जन्म बस चालवण्यात गेलेला, आता स्वतः चाकाच्या खुर्चीत. रोज सकाळी ती खुर्ची दारात लावून व्हरांड्यातली रहदारी बघत बसायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाला ओव्हरटेक केलं.

"काका, सकाळी हेडबाईंच्या दारावरचा दिवा लागला होता का?"

"लागला होता की."

विंगबाईंनी दाराची चौकट धरली. "कधी? पहाटे?"

"छे. पहाटे लागला असता तर मी गप्प बसलो असतो का? सिस्टर किंचाळली, मावशी पळाल्या, आणि मग लाल झाला. लगेच विझलाही."

"नीट आठवा. आधी किंकाळी की आधी दिवा?"

काकांना ते लागलं. "बाई, गुडघे गेले माझे, पण लाल दिव्याच्या बाबतीत माझी चूक आयुष्यात झाली नाही. आधी किंकाळी. मग लाल."

त्या वेळी आत दोनच माणसं होती. एक फरशीवर पडलेली, जिच्या हाताला दोरी लागली नव्हती. आणि दुसरी, जिनं बेलला हातही लावला नव्हता.

४

सिस्टरनं बेल वाजवली आणि नाही म्हणाली. पण बेल वाजवणं हा काय गुन्हा आहे? पडलेल्या माणसासाठी बेल वाजवली, तर कुणी शाबासकीच देईल. मग लपवायचं कशाला? विंगबाईंनी रात्रभर हेच चघळलं आणि सकाळी उठून ठरवलं, की बसून नाटक कळत नाही. रंगमंचावर जाऊन उभं राहावं लागतं. किंवा आडवं व्हावं लागतं.

त्या हेडबाईंच्या बाथरूममध्ये गेल्या, दार लावलं, आणि बेसिन धरून, कमोड धरून, देवाधर्माला आणि डॉक्टरला सारख्याच शिव्या घालत फरशीवर आडव्या झाल्या. चष्मा काढून ठेवला. डोळे मिटून हात भिंतीवर फिरवला.

पहिल्याच झटक्यात लाल मूठ हातात आली.

अरे देवा. विंगबाई तशाच पडून राहिल्या. म्हणजे खरंच? म्हणजे ही बाई, जिला मागच्या महिन्यातल्या अग्रलेखातली चूक आठवते, तिला हाताला लागलेली दोरी कळली नाही? डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. कमोडच्या कडेचा आधाराचा दांडा धरून कशाबशा त्या उठल्या, आपल्या खोलीत आल्या आणि तोंड धुवायला बेसिनवर वाकल्या.

तोंड पुसायला दांडीवरचा टॉवेल ओढला. टॉवेल हातात आला, आणि त्याच्या मागे दांडीला चांगले चार वेढे घालून गुंडाळलेली पांढरी दोरी होती. लाल मूठ वेढ्यांत खोचलेली, छातीच्या उंचीवर.

इथे आल्यापासून रोज त्या या दांडीवर टॉवेल वाळत घालत होत्या.

पुढे काय झालं ते ड्रायव्हरकाका नंतर रंगवून सांगायचे: विंगबाई पदर खोचून एकेका खोलीत शिरायला लागल्या, "टॉवेल बघू तुमचा!" करत. काकांच्या खोलीत दोरी वर गुंडाळलेली. कोपऱ्यातल्या जुळ्या बहिणींच्या खोलीत वर. रिकाम्या खोलीतसुद्धा वर. उभ्या माणसाला त्यात काही वावगं दिसत नाही. फरशी पुसताना दोरी ओली होते, काळी पडते, काळी पडली की साहेब ओरडतात, म्हणून मावशी ती वर गुंडाळतात. डॉक्टर बघतात, सिस्टर बघते, साहेब बघतात. सगळे उभ्याने बघतात. आणि त्या सबंध मजल्यावर फक्त एकाच बाथरूममध्ये दोरी नियमाप्रमाणे खाली लोंबत होती.

दोरी नव्हती असं जिनं सांगितलं, तिच्याच.

खात्री करून घ्यायला विंगबाई आपल्या खोलीत परतल्या. दोरी तशीच गुंडाळलेली, तिच्यावर टॉवेल. त्या खाली आडव्या झाल्या, भिंत चाचपली. गार फरशीपट्ट्या. दुसरं काहीच नाही. "वा हेडबाई, दहापैकी दहा," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि उठायला गेल्या.

उठता येईना.

इथे कमोडच्या कडेला आधाराचा दांडा नव्हता. एक गुडघा वळेना, दुसरा ऐकेना. बेसिन हाताला येत होतं, पण वजन पेलवेना. दोरी डोक्याच्या वर टॉवेलमागे, आणि टॉवेलचं टोकही बोटांपासून वीतभर लांब. पहाटेच्या थंडीत या फरशीवर पाढे म्हणत पडलेली बाई त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि भीतीऐवजी त्यांना असा संताप आला, की त्यांनी नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी आरोळी ठोकली.

धावत पावलं आली. दार उघडलं. सिस्टर.

तिनं खाली पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आणि विंगबाईंना हात देण्याआधी तिचा हात वर गेला. टॉवेल खेचून दाराच्या कडीला अडकवला, दांडीवरचे वेढे भराभरा सोडवले, दोरी खाली सोडली. घाईत मूठ हिसकली. दारावरचा लाल दिवा लागला, लांब टेबलावर बेल वाजली.

मगच तिला कळलं आपण काय केलं ते. ती तिथेच उभी राहिली.

"टॉवेल कडीला," विंगबाई फरशीवरून म्हणाल्या. "काल पण तिथेच होता. आता हात दे बाई, माझी कंबर गारठली."

५

सिस्टरनं त्यांना पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसून रडली. काल दार ढकललं तेव्हा दोरी वर गुंडाळलेली दिसली. आपल्या पाळीत माणूस पडलं, दोरी वर, नोकरी गेली, एवढंच डोक्यात आलं. सोडून दिली, घाईत मूठही हिसकली; चष्म्याशिवाय हेडबाईंना ते दिसलंच नाही. मग साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, हे कुठे बोलायचं नाही, आणि वाक्य लिहून दिल्यासारखं पाठ करून घेतलं.

"मला वाटलं नव्हतं हो, त्यांना वर पाठवतील. मला वाटलं, प्लास्टर बसेल, दोन दिवसांत विसरतील."

"बैठकीत हे सांगशील?"

"मला नाही जमणार आजी. साहेब समोर बसले की माझी वाचाच बसते."

"नुसती उभी तर राहा," विंगबाई म्हणाल्या. "पुढचं बघू."

बैठक साहेबांच्या खोलीत होती. हेडबाई चाकाच्या खुर्चीत, केस नीट बांधलेले, मांडीवर कालचा न तपासलेला पेपर. मुलगा खाली मान घालून पेनाचं टोपण उघडझाक करत होता. साहेबांनी गोड आवाजात सुरुवात केली आणि सिस्टरला म्हणाले, "सांगा, काल काय आढळलं."

सिस्टर उभी राहिली. "दोरी जागेवर लोंबत होती, मूठ हाताच्या..."

ती थांबली. समोर हेडबाई होत्या आणि त्या तिच्याकडे बघत होत्या; रागानं नाही, शाळेत एखाद्या पोरीचं उत्तर ऐकावं तशा. सिस्टरचे ओठ हलले, आवाज फुटेना. खोलीत अशी शांतता पसरली, जी विंगबाईंनी जन्मभर ओळखली होती. नट अडकला की अशीच पसरते. त्या खुर्चीत जराशा पुढे झुकल्या आणि फक्त सिस्टरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"दोरी वर गुंडाळलेली होती."

"दोरी वर गुंडाळलेली होती," सिस्टर म्हणाली. आणि मग विंगबाईंची गरजच उरली नाही. अडखळत, मागेपुढे करत, पडदा आधी की नंतर यात गोंधळत तिनं सगळं सांगितलं. कुणी पाठ करून घेतलं तेही.

साहेब लाल झाले, पण सावरले. "असं असेल तर सफाईच्या मावशींना आजच्या आज काढतो. हा निष्काळजीपणा..."

"खबरदार!" विंगबाईंचा आवाज आता कुजबुजीचा नव्हता. "दोरी काळी पडली म्हणून मावशींना कोण ओरडायचं? आणि गुंडाळलेली दोरी या मजल्यावर कुणी पाहिली नव्हती? मी रोज तिच्यावर टॉवेल वाळत घालत होते. आपण सगळ्यांनी पाहिली. उभ्यानं पाहिली. पडल्यावर ती दिसते का, हे बघायला आपल्यातलं एक माणूस फरशीवर झोपलं नाही. ती झोपली, आणि तिनं खरं सांगितलं, तर तिला वेडी ठरवलीत."

"पण आज तर सांगताय ना तुम्ही," मुलगा चाचरत म्हणाला. "काल आईच्या बाथरूममध्ये खरंच तशी होती, याला... म्हणजे मला कसं..."

हेडबाई पहिल्यांदाच बोलल्या. "चल."

"कुठे?"

"काकांच्या बाथरूममध्ये. तिथली अजून कुणी सोडलेली नाही. टॉवेलसकट आहे. साहेब, तूपण चल."

सगळी वरात व्हरांड्यातून निघाली. विंगबाई खुर्ची ढकलत, मागे सिस्टर, त्यामागे साहेब, आणि दारादारांतून म्हातारे डोकावत. काकांच्या बाथरूमच्या उंबऱ्याशी हेडबाईंनी खुर्ची थांबवायला लावली.

"चष्मा काढ. माझा उडाला होता. आणि झोप खाली."

"आई, पँट..."

"मी गाऊनवर होते. झोप."

पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीच्या पँटमध्ये, ओलसर फरशीवर कुशीवर झाला. सुरुवातीला त्याला हसू येत होतं. त्यानं हात लांबवला, भिंतीवरून फिरवला, कोपऱ्यात फिरवला, बेसिनच्या नळीपर्यंत नेला, परत आणला. मग त्याचं हसू गेलं. तो आता घाईघाईनं चाचपायला लागला, आणि एका क्षणी तो हात थांबला. तो तसाच पडून वर बघत राहिला.

"आई," तो हळूच म्हणाला. "दोरी नाहीये."

"मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

"दोरी नाहीये!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "आई, दोरी नाहीये गं!"

व्हरांड्यात कुणी टाळी वाजवली नाही की काही नाही. फक्त ड्रायव्हरकाकांनी खुर्ची वळवली आणि हाताशी लागलेल्या पहिल्या खोलीत घुसवली. दारावर लाल दिवा लागला. मग जुळ्या बहिणींच्या दारावर. मग त्याच्या पलीकडे. काठ्या टेकत, भिंती धरत सगळे आपापल्या बाथरूममध्ये शिरले आणि टॉवेल फेकून वेढे सोडवायला लागले. मावशींनी रिकाम्या खोलीतली सोडली. टेबलावरची बेल थांबेचना, नुसता कल्लोळ झाला.

"अहो, हे काय चाललंय? कोण वाजवतंय?" साहेब ओरडले.

"सगळे," हेडबाई म्हणाल्या. "ऐकून ठेव. सिस्टर इथेच राहील, मावशीपण. दोऱ्या खालीच राहतील, काळ्या पडल्या तरी. आणि वरच्या मजल्यावर आहेत का बाथरूमात दोऱ्या? आकडे सांग त्या लिफ्टचे, आम्ही बघून येतो."

मुलगा अजून फरशीवरच होता. बेसिनची कड धरून उठायचा प्रयत्न करत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे ओले. सिस्टर त्याला हात द्यायला पुढे झाली.

"थांब," हेडबाई म्हणाल्या. "त्याला त्याचं त्याचं उठू दे. वेळ लागेल. मला घाई नाही." आणि विंगबाईंकडे वळून त्यांनी मांडीवरचा पेपर उघडला. "पेन्सिल आण गं. कालचा राहिलाय."